ऐकू सगळं येतं, पण आपलं कुणाला जात नाही: हातातल्या व्हीएचएफ सेटचं नेहमीचं दुखणं

"काका, सेट एकदम चांगला आहे. सगळ्यांचं ऐकू येतं. माझंच कुणाला जात नाही."

पावसाळी बंदी उठून होड्या बाहेर पडल्या की पहिल्या पंधरवड्यात हे वाक्य माझ्या ओटीवर चार-पाच वेळा तरी ऐकू येतं. माणूस वेगळा, होडी वेगळी, सेटची कंपनी वेगळी, तक्रार मात्र तीच. मी बरीच वर्षं व्यापारी जहाजांवर काढली. आता हर्णैजवळ राहतो, आणि आसपासचे तांडेल आपले हातातले मरीन व्हीएचएफ सेट, म्हणजे समुद्रावर एकमेकांशी बोलायचे रेडिओ, माझ्याकडे आणून टाकतात. त्यातले खरोखर बिघडलेले फार थोडे निघतात.

या वर्षी पहिला आला तो एक तरुण. फायबरची लहान होडी, मागे आऊटबोर्ड इंजिन, केबिन नाही, डोलकाठी नाही. खोल पाण्यात इंजिन बंद पडलं. सेटवर दुसऱ्या होड्यांची बोलणी स्पष्ट ऐकू येत होती, हा बोलावत होता आणि कुणी उत्तर देत नव्हतं. शेवटी जवळून जाणाऱ्या एका ट्रॉलरने त्याने हलवलेला शर्ट पाहिला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की ऐकू येतंय म्हणजे सेट चालू आहे, मग लोक उत्तर का देत नाहीत?

सगळी गोची इथेच आहे. ऐकणं आणि बोलणं ही सेटची दोन वेगळी कामं आहेत. ऐकायला सेटला फारसं काही लागत नाही. चॅनल शांत असताना बॅटरीतून नाममात्र करंट जातो. बोलायचं बटण दाबलं, की ५ वॉट हवेत फेकण्यासाठी तोच सेट साधारण दीड अँपिअर ओढतो. मरायला टेकलेली बॅटरी दिवसभर ऐकवत राहील आणि बटण दाबताच मान टाकेल. शिवाय तुम्हाला जो ट्रॉलर किंवा जहाज मोठ्याने ऐकू येतं, त्याचा बसवलेला सेट २५ वॉटचा असतो आणि त्याची अँटेना डोलकाठीच्या टोकावर असते. तुमच्या हातात जास्तीत जास्त ५ किंवा ६ वॉट, आणि बटण चुकून लो वर गेलं असेल तर फक्त १ वॉट. २५ वॉटवाला तुम्हाला ऐकू येणं आणि १ वॉटवाले तुम्ही त्याला ऐकू जाणं यात मोठं अंतर आहे. म्हणून "मला ऐकू येतं" हा सेट चांगला असल्याचा पुरावा धरूच नका.

आता शोध कुठून सुरू करायचा ते सांगतो. सेट उघडायचा नाही, दुकानात न्यायचा नाही. आधी पडदा वाचायचा.

पडद्यावर हाय आहे की लो, हे पाहा. बॅटरी वाचवायला कुणीतरी लो केलेलं असतं आणि मग ते तसंच राहतं. काही चॅनल मुळातच १ वॉटला बांधलेले असतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत १५ आणि १७ तसे आहेत, तिथे हाय दाबूनही सेट ऐकणार नाही. पेन्सिल सेल घालायची वेगळी डबी असलेल्या बऱ्याच सेटमध्ये ती डबी लावली की फक्त लो वरच बोलायचं असतं. हेही लक्षात ठेवा.

मग चॅनलची पद्धत बघा. पडद्याच्या कोपऱ्यात आंतरराष्ट्रीय, अमेरिकन किंवा कॅनेडियन अशी खूण असते. आपल्याकडे घरोघरी कुणीतरी जहाजावर किंवा परदेशी असतो, आणि तिकडून येताना सेट घेऊन येतो. तो अमेरिकन पद्धतीवर असला की काही चॅनलचा नंबर तोच, पण वागणूक वेगळी. २२ नंबरचंच उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय पद्धतीत जहाज १५७.१०० मेगाहर्ट्झवर बोलतं आणि १६१.७०० वर ऐकतं. अमेरिकन २२ए मध्ये बोलणं आणि ऐकणं दोन्ही १५७.१०० वरच. एका होडीवर एक पद्धत, दुसरीवर दुसरी असली, की एकाचं दुसऱ्याला जातं आणि दुसऱ्याचं पहिल्याला येत नाही. भारतात सेट आंतरराष्ट्रीय पद्धतीवरच ठेवायचा. १६ नंबर, म्हणजे १५६.८०० मेगाहर्ट्झ, हा हाक मारायचा आणि संकटाचा चॅनल, सगळ्या पद्धतींत एकच आहे. म्हणून १६ वर बोलणं होतं, पण ठरवलेल्या चॅनलवर गेलं की माणूस गायब होतो, अशी तक्रार आली तर मी आधी ही खूण पाहतो.

याला लागूनच आणखी एक. काही चॅनल दुहेरी असतात, किनाऱ्यावरच्या केंद्राशी बोलण्यासाठी राखलेले. बहुतेक सेटमध्ये २४ ते २८ हे तसे असतात. तिथे होडी एका फ्रिक्वेन्सीवर बोलते आणि ४.६ मेगाहर्ट्झ वरच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकते. दोन होड्यांनी २६ वर जायचं ठरवलं तर दोघंही बोलत बसतील आणि दोघांनाही काही ऐकू येणार नाही. सेट दोन्ही ठणठणीत. होडी ते होडी बोलायला ७२ किंवा ७७ घ्या, ६ आणि ८ ही चालतात. ७० वर तर तोंडी बोलायचंच नाही, तो फक्त यंत्रांच्या डिजिटल हाकेसाठी आहे.

आता मला वारंवार सापडणारी चूक. बरेच जण ड्युअल वॉच लावून ठेवतात, म्हणजे सेट ७७ ही ऐकतो आणि मधे मधे १६ ही तपासतो. सवय चांगली आहे. पण बटण दाबल्यावर बहुतेक सेट निवडलेल्या चॅनलवर, म्हणजे ७७ वर बोलतात, १६ वर नाही. संकटात माणूस घाईत बटण दाबतो, त्याला वाटतं आपण १६ वर हाक मारतोय, आणि हाक ७७ वर जाते, जिथे त्या वेळी कुणीच नसतं. हाक मारायच्या आधी १६ चं स्वतंत्र बटण दाबा, पडद्यावर १६ आलेलं डोळ्यांनी पाहा, मगच बोला.

त्या तरुणाच्या सेटमध्ये यातलं काहीच नव्हतं. हाय होतं, आंतरराष्ट्रीय होतं, १६ होतं.

मग बॅटरी. मी त्याला म्हटलं, बटण दाब आणि पडद्याकडे बघ. दाबताक्षणी उजेड मंद झाला, बॅटरीच्या तीन रेघांची एक झाली, आणि दोन सेकंदांत सेट बंद होऊन पुन्हा चालू झाला. बटण सोडल्यावर परत तीन रेघा. रिकाम्या बॅटरीला चार्ज केल्यावर ती भरते. ही बॅटरी भरलेलीच होती, पण थकली होती. लिथियम बॅटरी जुनी झाली की तिचा आतला अडथळा वाढतो. हळू हळू मागितलं तर देते, एकदम मागितलं तर व्होल्टेज कोसळतं. स्वस्थ पडलेल्या सेटवर त्या रेघा पाहून काहीच कळत नाही, बटण दाबलेलं असतानाच पाहायचं.

खात्री करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अदलाबदल. बंदरात तोच सेट आणखी कुणाकडे असतोच. त्याची बॅटरी आपल्या सेटला, आपली त्याच्या सेटला लावा. दुखणं बॅटरीबरोबर गेलं तर बॅटरी बदला. सेटमध्येच राहिलं तर पुढे शोधा. एक सांभाळा, अँटेना काढलेली असताना बोलायचं बटण कधीही दाबू नका. आतला शेवटचा अँप्लिफायर त्याने जळू शकतो, आणि मग मात्र सेट खरोखरच बिघडतो.

समुद्रावर असताना बॅटरीने अशी मान टाकली तर? तेव्हा हे आठवा: लो वर करा. ५ वॉट न झेपणारी बॅटरी १ वॉट बऱ्याचदा झेपवते. पाणी मोकळं असेल आणि अँटेना उंच धरली असेल तर १ वॉटही जवळच्या होडीपर्यंत जातो. त्या मुलाला हे माहीत असतं तर शर्ट हलवायची वेळ कदाचित आली नसती. मला त्या दिवशी याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

बॅटरी थकते का, तर उन्हाने आणि मिठाने. फायबरच्या फळीवर दुपारभर तापत पडलेला सेट घरी आणून गरम असतानाच चार्जरवर ठेवला जातो. खारं पाणी तसंच बॅटरीच्या धातूच्या टोकांवर. ओल्या, खारट टोकांवर चार्जिंग लावलं की धातू खाल्ला जातो आणि हिरवट थर धरतो. तो थर म्हणजे पुन्हा अडथळा, म्हणजे पुन्हा तेच दुखणं, बॅटरी नवी असली तरीही. त्या तरुणाच्या सेटची चारही टोकं हिरवी होती. शाळेचं साधं खोडरबर घेऊन ती घासायची, मग स्पिरिटच्या ओल्या कापसाने पुसायची. पॉलिश पेपर लावू नका, वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि पुढच्या वेळी गंज आणखी लवकर येतो. पेट्रोल आणि थिनर तर नकोच, त्यांनी प्लास्टिक आणि रबराची सील खराब होतात.

रोज घरी आल्यावर झाकणं घट्ट लावून सेट गोड्या पाण्याने धुवायचा. लोक घाबरतात, पण पाणी सहन करणारा सेट असेल तर घाबरायचं कारण नाही. आयपीएक्स ७ लिहिलं असेल तर तो १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरेल अशी चाचणी झालेली असते. ती चाचणी नव्या सेटची असते, पाच वर्षं उन्हात वाळलेल्या सीलची नाही, त्यामुळे नळाखाली हलकेच. भिजलेला सेट तांदळाच्या डब्यात पुरायची पद्धत आपल्याकडे आहे. तांदूळ पाणी ओढेल, मीठ ओढणार नाही. मीठ आधी धुऊनच काढावं लागतं.

बॅटरी बदलल्यावरही सगळ्यांचा आवाज सुटतो असं नाही, कारण दुसरं मोठं कारण सेटमध्ये नसतंच. ते आपल्या उंचीत असतं. व्हीएचएफ जवळपास सरळ रेषेत जातं. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे पाण्याच्या फुगवट्याआड गेलेल्या होडीपर्यंत ते पोहोचत नाही. हिशोब सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, त्याला २.२ ने गुणा, तेवढे सागरी मैल तुमचा पल्ला. समोरच्याचाही तसाच काढा आणि दोन्हींची बेरीज करा. होडीत बसून सेट तोंडाशी धरला तर अँटेना पाण्यापासून १ मीटरवर, पल्ला २.२ मैल. उभं राहून हात वर केला तर सव्वादोन मीटर, पल्ला ३.३ मैल. म्हणजे दोन लहान होड्या बसून बोलल्या तर साडेचार मैलांच्या आत, उभं राहून बोलल्या तर साडेसहाच्या आसपास. समोर ९ मीटर उंच अँटेनावाला ट्रॉलर असेल तर त्याचा स्वतःचा पल्लाच ६.६ मैल, तुम्ही उभे असाल तर बेरीज जवळजवळ १०. लाटा उंच असतील तर यातून वजाबाकी धरा.

हा हिशोब सगळ्यांना पाठ असावा असं मला मनापासून वाटतं, कारण घाबरलेला माणूस खाली बसतो. होडीच्या तळाशी, वाऱ्याच्या आडोशाला, सेट छातीशी धरून. तो पल्ला अर्ध्यावर आणून ठेवतो आणि त्याला ते कळतही नाही. होडी फार डुलत असेल तर उभं राहू नका, फळीवर बसा, पण सेट वर धरा, अँटेना आकाशाकडे सरळ. आडवी धरली की समोरच्याच्या उभ्या अँटेनाशी तिचं जमत नाही आणि बराच सिग्नल वाया जातो. माणसाचं ओलं अंगही सिग्नल पितं. ज्या दिशेला होडी किंवा किनारा आहे त्या दिशेला तोंड करा, पाठ नको.

खाडीत आणि कड्यांच्या आडोशाला वेगळाच प्रकार. दाभोळच्या खाडीत किंवा जयगडला शास्त्री नदीच्या मुखातून थोडं आत गेलात, की दोन्ही बाजूंनी डोंगर. तिथून बाहेरच्या होडीशी बोलणं झालं नाही तर सेटला दोष देऊ नका. डोंगरापलीकडे व्हीएचएफ सहसा जात नाही. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला असतानाही काही दिशांना आवाज मंदावतो, दोनशे हात पुढे सरकलं की परत येतो.

उलट गंमतही होते. पावसाआधीच्या कोरड्या, उष्ण दिवसांत समुद्रावर हवेचे थर असे बसतात की व्हीएचएफ त्यांच्यात अडकून पृथ्वीच्या वळणाबरोबर पुढे जातं. मग रात्री दूरच्या, कधीही न ऐकलेल्या होड्यांचं बोलणं येतं. अरबी समुद्र यासाठी प्रसिद्धच आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले होते. अशा रात्री माणूस म्हणतो, माझा सेट शंभर मैल पकडतो. ती हवेची कमाल असते, दुसऱ्या दिवशी सेट पुन्हा आपल्या पाच-सहा मैलांवर.

काही सेटचा आवाज पोहोचतो, पण शब्द कळत नाहीत. समोरचा म्हणतो, "बुडबुड येतंय." ते माइकच्या भोकात पाणी. सेट उलटा करून झटका, भोक खाली ठेवून वाळू द्या. सुई घालू नका. त्या भोकामागे पातळ पडदा असतो, तो फाटला की सेट पाणी पिऊ लागतो. एकदा तर माइकच्या भोकावर मासळीचं खवलं वाळून चिकटलेलं होतं, ओल्या बोटाने निघालं. बोलताना सेट तोंडापासून चार बोटं लांब, थोडा तिरका. वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे. बटण दाबल्यावर एक श्वास थांबा, मग पहिला शब्द. नाहीतर "हर्णै हर्णै" मधला पहिला हर्णै हवेतच राहतो.

आवाज दबका येतो आणि मोजक्याच होड्यांना कळतो, असं झालं तर विचारा की सेट खरा मरीन आहे का. बाजारात स्वस्त वॉकीटॉकी मिळतात, त्यांच्यात मरीनच्या फ्रिक्वेन्सी भरून दिल्या जातात. ते बरेचदा अरुंद बँडविड्थवर असतात, मरीन चॅनल २५ किलोहर्ट्झचे. म्हणून आवाज बारीक. त्यांच्यात टोन, म्हणजे बोलण्याबरोबर जाणारा ओळखीचा सूर, लावलेला असला तर तो टोन न पाठवणाऱ्या कुणाचंच ऐकू येत नाही, मरीन सेट तर टोन पाठवतच नाहीत. पाण्यात पडले की संपले. समुद्रावर असे सेट कायद्यातही बसत नाहीत. मरीन सेटलाही दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना लागतो, तो काढून ठेवा.

क्वचित, पण होतं: सगळ्या बंदराचाच १६ नंबर बंद पडतो. कुणालाच काही ऐकू येत नाही, मागे एखाद्या इंजिनाची घरघर. कुणाच्या तरी सेटचं बटण जाळ्याखाली किंवा खिशात दाबलं गेलेलं असतं. एफएममध्ये जोरदार सिग्नल कमजोराला पूर्ण झाकतो, त्यामुळे तो एक सेट सगळ्यांना मुका करतो. बऱ्याच सेटमध्ये सलग पाच मिनिटांनी प्रसारण आपोआप तुटतं, पण पुन्हा दाबलं गेलं की परत सुरू. अशा वेळी प्रत्येकाने आधी आपल्याच सेटवर टीएक्सची, म्हणजे प्रसारण चालू असल्याची, खूण आहे का ते पाहावं. बाकीच्यांना ऐकू येणारी ती घरघर आपल्याच इंजिनाची असू शकते.

आणि स्क्वेल्च, म्हणजे खरखर अडवणारी कळ. खरखर नको म्हणून लोक ती वर चढवून ठेवतात. मग समोरच्याने दिलेलं कमजोर उत्तर त्या दारातच अडतं, आणि तुम्हाला वाटतं आपलं गेलंच नाही. खरखर सुरू होईपर्यंत खाली आणा, मग ती जिथे नुकतीच थांबते तिथे ठेवा. डब्ल्यूएक्स बटणावर बोट पडून अमेरिकेच्या हवामान चॅनलवर गेलेला सेटही मी पाहिलाय. आपल्याकडे तिथे नुसती शांतता.

हे सगळं झाल्यावर शेवटी खरी चाचणी. धक्क्यावर दोन होड्या शेजारी लावून "कसं येतंय?", "छान येतंय" म्हणणं ही चाचणी नव्हे. इतक्या जवळ अँटेना सैल असलेला सेटही बोलतो. एक होडी नांगरावर ठेवा, दुसरी जीपीएस बघत बाहेर जाऊ द्या. १६ वर हाक मारून लगेच ७२ वर जा, १६ अडवून ठेवू नका. दर मैलाला एकदा बसून आणि एकदा उभं राहून, हाय वर आणि लो वर बोला. समोरच्याने नुसतं "येतंय" न म्हणता सांगायचं: शब्द न् शब्द कळला, अर्धा कळला, की नुसती खरखर. आवाज जिथे तुटला ते अंतर लिहून ठेवा.

संकटाच्या वेळी उत्तर आलं नाही तरी १६ वर बोलत राहा. ऐकणाऱ्याचं उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचत नसेल, पण तुमचं त्याच्यापर्यंत पोहोचत असेल, असंही होतं. तीन वेळा मेडे (ही संकटाची ठरलेली हाक), होडीचं नाव, जीपीएसवरचे आकडे, किती माणसं, काय झालं. मग काही मिनिटांनी पुन्हा तेच. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हेही लावा.

त्या तरुणाने नवी बॅटरी आणली, टोकं साफ केली, आणि दोन दिवसांनी आपल्या चुलत्याच्या होडीबरोबर चाचणी करून आला. बसून ३ मैलांवर शब्द तुटले. उभं राहून ५ मैलांपर्यंत स्पष्ट. लो वर उभं राहून ३. ते तिन्ही आकडे त्याने तेलरंगाने बर्फाच्या पेटीच्या झाकणाला आतून लिहून टाकलेत.